घरातील तपासणी आणि गावाची नोंद

पुणे-लोणावळा लोकल सकाळी घोरावाडी स्थानकात थांबते. तेथे चढलेला प्रवासी थोड्याच वेळात पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, शाळेत किंवा बाजारपेठेत असतो आणि सायंकाळी तीच लोकल त्याला घरी परत आणते. घोरावडेश्वराच्या डोंगर परिसरातील वस्त्यांचा शहराशी असलेला हा नित्याचा संबंध उपजीविकेचा आहे, तसाच तो श्वसनमार्गाच्या संसर्गाचाही आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्णही ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. शहरात आलेली साथ लोहमार्गावरील गावांत पोहोचण्यास फारसा अवधी लागत नाही.

साथ गावात आली आहे हे गावाला कळते कसे, हा खरा प्रश्न आहे. खोकला व ताप असलेली बहुसंख्य माणसे दवाखान्यात जात नाहीत. काढा, वाफारा, दोन दिवसांची रजा आणि पुन्हा कामावर, असाच त्यांचा क्रम असतो. दवाखान्यातील नोंदवहीत उमटतो तो आजाराचा एक लहानसा भागच. उरलेला भाग घरातच सुरू होतो आणि घरातच संपतो. म्हणूनच घरच्या घरी होणाऱ्या तपासणीचे महत्त्व आहे, आणि तिची मोठी उणीवही याच ठिकाणी आहे.

लोणावळ्याचा संच

या विषयाशी मावळ तालुक्याचा एक विशेष संबंध आहे. मायलॅब डिस्कव्हरी सोल्यूशन्स या पुण्याच्या कंपनीचा कारखाना लोणावळ्यातील नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी या कंपनीने तयार केलेल्या संचास २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली. देशी बनावटीच्या अशा संचाला मिळालेली ती पहिली मान्यता होती. पुढे मे २०२१ मध्ये याच कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या संचास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्यता दिली आणि रुग्णाने स्वतःच वापरावयाचा देशातील पहिला संच बाजारात आला. त्याची किंमत त्या वेळी २५० रुपये ठेवण्यात आली होती.

संचाची रचना साधी आहे. कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून प्रत्येकी पाच वेळा फिरवावयाची. मग ती नळीतील द्रावात घोळवावयाची आणि त्या द्रावाचे दोन थेंब चाचणीपट्टीवर टाकावयाचे. द्राव कागदी पट्टीतून पुढे सरकतो. त्यात विषाणूचे प्रथिन असल्यास पट्टीवर आधीच बसविलेली प्रतिपिंडे त्यास अडवून धरतात व रंगीत रेघ उमटते. दुसरी रेघ नियंत्रणाची असते. ती उमटली नाही तर चाचणीच फसली असे समजावे. निकाल पंधरा मिनिटांत पाहावयाचा असतो. वीस मिनिटांनंतर दिसणारी रेघ ग्राह्य धरली जात नाही, कारण पट्टी वाळत असताना फसव्या खुणा दिसू शकतात.

दोन रेघा उमटल्या तर संसर्ग आहे असे निश्चित मानावे, पुन्हा तपासणीची गरज नाही, असे परिषदेच्या १९ मे २०२१ च्या सूचनापत्रात म्हटले होते. एकच रेघ असेल तर मात्र निष्कर्ष तितका सरळ नाही. ही चाचणी विषाणूचे प्रमाण पुरेसे असेल तेव्हाच बोलते. यास्तव लक्षणे असूनही निकाल नकारात्मक आल्यास आरटी-पीसीआर करून घ्यावी, असे त्याच पत्रात सांगितले होते. लक्षणे नसलेल्यांनी उगाच तपासणी करू नये, अशीही सूचना होती. शाळेच्या सहलीपूर्वी सर्व मुलांची सरसकट घरी तपासणी करावी काय, असे एका शिक्षकांनी एकदा विचारले होते. त्याचे उत्तर या सूचनेतच आहे.

निकाल जातो कोठे?

वापरणाऱ्याने पट्टीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपद्वारे पाठवावे आणि ती माहिती परिषदेच्या संगणकीय नोंदींत जावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात हे किती जणांनी केले, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे. प्रस्तुत लेखकाने जानेवारी २०२२ मध्ये घरी तपासणी केली, दोन रेघा पाहिल्या, निकाल भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहिला आणि सात दिवस खोलीत काढले. घरच्यांचा बचाव झाला. आरोग्य यंत्रणेच्या हिशेबी मात्र तो आजार झालाच नाही. त्याच महिन्यात मुंबई महानगरपालिकेला औषध दुकानदारांकडून संच घेणाऱ्यांची नोंद ठेवण्याचा आदेश काढावा लागला, यावरून अडचण किती व्यापक होती याची कल्पना येईल.

याउलट उदाहरण अमेरिकेतील सिॲटल शहराचे आहे. तेथे फ्लूच्या अभ्यासासाठी सर्वसामान्य नागरिकांचे नमुने घेतले जात होते. फेब्रुवारी २०२० मध्ये परदेशी न गेलेल्या एका किशोरवयीन मुलाच्या नमुन्यात कोरोना आढळला आणि साथ शहरात आधीच पसरली असल्याचे उघड झाले. नमुना देणारी माणसे सामान्यच होती. फरक होता तो निकाल एका ठिकाणी जमा होण्याचा.

मणी आणि वाळूचे घड्याळ

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पट्टी, अ‍ॅप यांपैकी काहीही नसताना गडचिरोली जिल्ह्यात हे काम झालेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांच्या न्यूमोनियाचे निदान घरातच व्हावे म्हणून गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना शिकविले. मोजणी न येणाऱ्या सुईणीसाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार केले. दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर तो न्यूमोनिया. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५८ गावांत वर्षभरात न्यूमोनियाच्या ६१२ बालरुग्णांवर गावातच उपचार झाले. त्यांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत ते १३.५ टक्के होते.

ही मोजणी आजही कोणत्याही मातेला करता येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील अर्भकात ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. मोठ्यांसाठी बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघरी जाऊन तापमान व रक्तातील प्राणवायू मोजला होता. गार पडलेली बोटे व नखांवरील रंग यांमुळे आकडा चुकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायतीने काय करावे

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून देशात सुरू आहे. २०२१ पासून त्याची माहिती संगणकीय मंचावर भरली जाते. त्यात उपकेंद्राच्या पातळीवर लक्षणांवरून नोंद करण्याची सोय आहे, ताप आणि खोकला यांचे रुग्ण त्यात मोजले जातात. म्हणजे माहिती कोठे द्यावी याची वाट तयार आहे. घरातील बातमी आशा स्वयंसेविकेपर्यंत पोहोचत नाही, एवढाच दुवा तुटलेला आहे.

तो जोडताना एक जुनी आठवण बाळगावी लागते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरे झडती घेऊन तपासण्यात आली. लोकांनी रुग्ण लपविले, आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. घरात शिरून घेतलेली माहिती आणि घराने आपणहून दिलेली माहिती यांत महदंतर आहे. २०२० मध्येही दारावर लागलेल्या फलकाच्या भीतीने अनेकांनी खोकला दडविला.

म्हणून नोंदीत नाव असण्याची गरज नाही. वाडी किंवा प्रभाग, वयोगट, लक्षणे सुरू झाल्याचा दिवस, घरी चाचणी केली असल्यास तिचा निकाल, एवढे पुरे. शिक्षकांनी हजेरीपटावर तापाच्या रजा वेगळ्या खुणेने दाखवाव्यात व आठवड्याचा आकडा आशा स्वयंसेविकेस द्यावा. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत मागील आठवड्याशी त्याची तुलना करावी. एका वाडीत आकडा अचानक दुप्पट झाला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे, महिनाअखेरीच्या अहवालाची वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललेला खोकला मात्र या बिननावी यादीत ठेवू नये. त्या व्यक्तीस क्षयरोगाच्या थुंकी तपासणीसाठी पाठवावयाचे असते, आणि तेथे नाव लागतेच.