फ्लॅशमधले गोळे आणि रे रोडची हवा

साधारण २००० सालाच्या आसपास खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे घरोघरी आले आणि त्यांच्यासोबत एक नवे भूतही आले. रात्री अंगणात, गच्चीवर किंवा जुन्या वाड्यात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत पांढरट, अर्धवट पारदर्शक गोळे तरंगताना दिसू लागले. डोळ्यांना काही दिसले नव्हते, फोटोत मात्र दहा-वीस गोळे. मग कुणाला त्यात आत्मे दिसले, कुणाला गेलेल्या आजोबांचा आशीर्वाद. आधीच्या रोलच्या कॅमेऱ्यांत हे गोळे क्वचितच येत, त्यामुळे गूढ आणखी वाढले.

खरे कारण साधे आहे, आणि ते हवेत आहे. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि भिंग यांच्यात जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे अंतर असते. फ्लॅश पेटला की भिंगासमोर पाच-दहा सेंटिमीटरवर तरंगणारा धुळीचा कण लख्ख उजळतो आणि तो उजेड सरळ भिंगात परत येतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून दहा सेंटिमीटरवरच्या कणावर एक मीटरवरच्या कणापेक्षा शंभरपट जास्त प्रकाश पडतो. कॅमेऱ्याने फोकस मात्र लांबवर धरलेला असतो. परिणामी जवळचा कण ठिपका न राहता वर्तुळ होऊन पसरतो. गंमत अशी, की या वर्तुळाचा आकार कणाच्या आकारावर ठरत नाही. कण किती जवळ आहे आणि भिंगाचे तोंड केवढे उघडे आहे, त्यावर ठरतो. मोठा गोळा म्हणजे मोठा कण नव्हे, जवळचा कण. मोठ्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगापासून दूर असतो आणि जवळचा कण इतका पसरतो की तो फोटोत विरून जातो. म्हणजे ज्याला कॅमेऱ्याचा दोष म्हणून हिणवले गेले, ते धूळ दाखवणारे एक स्वस्त उपकरण आहे.

ते वापरून पाहायला मुंबईत रे रोडसारखी जागा नाही. १९१० साली हार्बर मार्गाचा कुर्ला ते रे रोड हा टप्पा सुरू झाला तेव्हा गाड्या इथेच संपत. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव स्थानकाला राहिले. बाहेरचा रस्ता मात्र आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग आहे. पूर्वेला दारुखाना, भंगाराची आणि लोखंडाची गोदामे, बंदराकडे जाणारे ट्रक. पश्चिमेला घोडपदेव, काळाचौकी आणि त्यामागे गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले लालबाग-परळचे टॉवर. चाकांखालची माती, गंजाची भुकटी, बांधकामाची रेती, डिझेलचा धूर हे सगळे एका स्थानकाच्या परिसरात मिळते. हौशी छायाचित्रकार इथे गंजाचे रंग आणि जुन्या गोदामांच्या कमानी टिपायला येतात. गोदीच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नाही, पण या प्रयोगासाठी आत जाण्याची गरजही नाही. सार्वजनिक रस्त्याची कडा पुरते.

पद्धत अशी. आधी भिंग स्वच्छ पुसायचे. फ्लॅश सक्तीने चालू, आयएसओ ठरावीक, म्हणजे २०० किंवा ४००, झूम अजिबात नाही, फोकस लांबवर आणि समोर काळोखी पार्श्वभूमी. एकाच जागी दहा फोटो काढायचे आणि गोळे मोजायचे. प्रत्येक फोटोत गोळ्यांची जागा बदलली तर ते हवेतले कण. एखादा डाग सगळ्या फोटोंत त्याच जागी असेल तर तो भिंगावरचा. पाऊस, धुके, चिलटे असतील तेव्हा हा खेळ खेळू नये, पाण्याचे थेंबही तसेच गोळे देतात. ट्रक जाण्याआधी आणि गेल्यानंतर एका मिनिटाने, झाडू फिरण्याआधी आणि नंतर, अशा जोड्या घेतल्या की फरक आकड्यात बोलतो. घरातही हे जमते. दारे-खिडक्या लावून तासभर शांत ठेवलेल्या खोलीत एक फोटो घ्यावा, मग गादी झटकून दुसरा. दम्याचा रुग्ण घरात असेल तर गादी झटकताना त्याला बाहेर बसवायला डॉक्टर का सांगतात, हे त्या दुसऱ्या फोटोत दिसते. (अर्थात प्रयोगाच्या वेळीही त्याला बाहेरच बसवावे.)

धूळ आणि छायाचित्रकार यांचे वैर जुनेच. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजी लाड यांचे ते बंधू, पेशाने डॉक्टर आणि हौशी छायाचित्रकार. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. त्या चिकट काचेवर हवेतला कण बसला की तो फोटोत कायमचा ठिपका होऊन राही. रे रोडपासून फार लांब नसलेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजींच्या नावाचे संग्रहालय आहे. धाकट्या भावाच्या कॅमेऱ्याची आठवण त्या मानाने फार थोड्यांना असते.

आता यातली गोम. फोटोत दोनशे गोळे दिसले की माणूस घाबरतो, आणि रुमाल नाकाला लावतो. पण फ्लॅशमध्ये दिसणारे कण ढोबळमानाने दहा मायक्रोमीटरहून मोठे असतात. ते त्रास देतात, डोळे चुरचुरतात, शिंका येतात, घसा खवखवतो. तरी त्यांतले बहुतेक कण नाकातले केस आणि नाका-घशातला चिकट स्राव अडवून धरतात. संध्याकाळी रे रोडहून घरी गेल्यावर नाक शिंकरले की रुमालावर जे काळे दिसते, ते हेच.

खोल जाणारे कण वेगळे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे. ते श्वासनलिकेच्या फांद्या ओलांडून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा बळावणे, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवले. आणि हे कण फ्लॅशमध्ये दिसत नाहीत. कण जितका प्रकाश परतवतो तो साधारण त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. पन्नास मायक्रोमीटरच्या कणाच्या तुलनेत अडीच मायक्रोमीटरचा कण सुमारे चारशे पटींनी कमी प्रकाश देतो. कॅमेऱ्यात जे ठळक दिसते ते नाक थोपवते. नाकाला जे थोपवता येत नाही ते फ्लॅशला दिसत नाही.

मग ते पाहायचे कसे? एकेक करून नाही, घोळक्याने. त्यासाठी रात्रीचा फ्लॅश ठेवून दिवसाचा उजेड घ्यावा लागतो. या बारीक कणांतले बरेचसे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासच्या आकाराचे असतात आणि तो आकार प्रकाश विखुरण्यात सर्वांत तरबेज. दूरची इमारत फिकट, राखाडी दिसते ती यांच्यामुळे. शिवडीला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. भरती चढू लागली की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, पण ओहोटीत ते लांब चिखलात असतात. चाळीसपट झूमचा छोटा कॅमेरा लावला की पक्षी जवळ येतो, आणि मधली सगळी हवाही. गुलाबी रंग धुवून काढल्यासारखा येतो. दोष भिंगाला दिला जातो.

गढूळ हवेचा हिशोब हवामानशास्त्रात जुना आहे. दूरच्या गडद वस्तूचा आकाशाशी असलेला उठाव अंतरागणिक ठरावीक प्रमाणात घटत जातो. समजा, एक किलोमीटरवरच्या टॉवरचा ६० टक्के उठाव शिल्लक राहिला. दोन किलोमीटरवर तो ३६ टक्के होईल आणि चार किलोमीटरवर अवघा १३. उठाव दोन टक्क्यांवर आला की वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. या हिशोबाने त्या दिवशीची दृश्यमानता साडेसात किलोमीटरांच्या आसपास. रेल्वेवरच्या पुलावरून किंवा घराच्या गच्चीवरून जवळचा एक आणि लांबचा एक टॉवर एकाच चौकटीत धरून रोज दुपारी त्याच वेळी फोटो काढला, तर महिन्याभरात हवेची रोजनिशी तयार होते.

अट एकच, कॅमेऱ्याला अक्कल चालवू द्यायची नाही. आयएसओ सर्वांत कमी, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कायम, उठाव आपोआप वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद. मोबाइलमध्ये घोटाळा होतो तो इथेच. तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन जोडतो, आकाश निळे करतो, फिकट इमारती ठसठशीत करतो. जानेवारीतल्या कोंदट दुपारी मोबाइलमधले परळ ऑगस्टमधल्यासारखे स्वच्छ दिसू शकते. फोटो सुंदर येतो, पुरावा जातो. जुना, मॅन्युअल मोड असलेला छोटा कॅमेरा कपाटात पडून असेल तर तो या कामाला जास्त प्रामाणिक.

तरीही हा फोटो म्हणजे मापक नव्हे. मुंबईच्या हवेत समुद्राचे मीठ आहे. मिठाचे आणि सल्फेटचे कण दमटपणात पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच प्रदूषणात हवा जास्त गढूळ दिसते. म्हणून सकाळचा फोटो दुपारच्या फोटोशी ताडून पाहू नये, आणि प्रत्येक फोटोसोबत आर्द्रता लिहून ठेवावी. शिवडी आणि माझगाव इथे हवा मोजणारी केंद्रे आहेत. त्यांचे आकडे ‘समीर’ अॅपवर मिळतात, ते शेजारी मांडावेत. भारताची पीएम २.५ साठीची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची १५. दोन मर्यादांमधल्या हवेला आपल्याकडे स्वच्छ म्हटले जाते. त्या हवेचा फोटो कसा दिसतो, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

दारुखान्यात जुन्या बोटी आणि बार्ज तोडण्याचे काम अनेक दशके चालत आले आहे. गॅसकटरने लोखंड कापताना धातूची वाफ होते आणि ती लगेच थिजून जे कण बनतात, ते बहुतांश एक मायक्रोमीटरहूनही लहान. जुना रंग जळला तर त्यात शिसे असू शकते. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. आणि भंगाराचे काम करणारा माणूस तोंडाला काय बांधतो? बहुतेक वेळा रुमाल किंवा गमछा. त्याच्या विणीतून हे कण सहज पार होतात. नीट बसणारा एन-९५ मुखवटा ०.३ मायक्रोमीटरचे ९५ टक्के कण अडवतो, पण उन्हात, आगीशेजारी आठ तास तो घालून वजन उचलणे सोपे नाही. कापणीच्या जागी धूर खेचून घेणारी व्यवस्था हा खरा उपाय, आणि तो मालकाच्या खर्चाचा भाग आहे, मजुराच्या सवयीचा नव्हे.

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस थांबल्यावर, रस्ता ओला असताना, त्याच कडेला फ्लॅशचे दहा फोटो घेऊन पाहावेत. गोळे जवळपास नाहीसे झालेले असतात, कारण पावसाचे थेंब मोठी धूळ छान झोडपून खाली आणतात. मायक्रोमीटरहून लहान कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेसोबत बाजूला सरकतात आणि बरेचसे निसटतात. ते हटवायला समुद्रावरून येणारा वारा लागतो. दूरचे टॉवर स्पष्ट होऊ लागतात ते तो स्थिरावल्यावर.