भाचीचं पाठ्यपुस्तक

माझी भाची इथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला तिनं ‘अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी’ घेतलं. पुस्तकाची किंमत पाहून मला म्हणाली, “मामा, जुनी एडिशन चालेल का?” मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मॅन्युअल कुठल्या सालचं, हे आधी पाहायची सवय. म्हणून एक वापरलेली प्रत आणली आणि दोन वीकेंड मीच वाचत बसलो.

मंडळी, पहिली गोष्ट साल. अमेरिकेत मानसिक आजारांचं निदान बहुतेक ‘डीएसएम’ या ग्रंथाला धरून होतं. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ ची, तिची सुधारणा २०२२ ची. २०१३ मध्ये ‘अ‍ॅस्पर्गर’ हे वेगळं निदान जाऊन ते ऑटिझममध्ये सामावलं. २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाचं नवं निदान आलं. आमची प्रत २०१६ ची, त्यात ते कुठून असणार?

दुसरी परीक्षा रोझेनहानची. १९७३ साली या प्राध्यापकानं लिहिलं की, आवाज ऐकू येतात असं खोटं सांगून धडधाकट माणसं मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि तिथल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना कळलं नाही. २०१९ मध्ये सुझॅना कॅहालन यांनी पुस्तक लिहून या प्रयोगावर गंभीर शंका घेतल्या. त्यांचा उल्लेखच नसेल, तर पुस्तक मागे पडलंय. तसंच डिप्रेशन म्हणजे नुसतं सेरोटोनिन कमी, असं एका ओळीत उरकणारं पुस्तक नकोच.

पैशाचं म्हणाल तर ऑनलाइन गृहपाठाचा अ‍ॅक्सेस कोड जुन्या प्रतीबरोबर बहुधा वापरलेला असतो. तो वेगळा घ्यावा लागला की स्वस्त प्रत महाग पडते. प्राध्यापकांना आधी विचारावं. आम्ही शेवटी लायब्ररीतून नवी आवृत्ती आणली.

त्यातलं शोकाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. आई आता आमच्याकडे असते. अजून संध्याकाळी दोन कप चहा टाकते, एक तसाच गार होतो. देवळात येत नाही, फोन घेत नाही. “वयच झालं,” असं आम्ही म्हणायचो. दुःख हा आजार नव्हे, हे पुस्तक स्पष्ट सांगतं. पण वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच ओढ असेल आणि रोजचे व्यवहार थांबले असतील, तर डॉक्टरांना दाखवावं.

असली पुस्तकं वाचताना प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं. भाचीनं पहिल्या आठवड्यात स्वतःला तीन लावून घेतले! म्हणून आईचं निदान मी केलं नाही. इन्शुरन्समध्ये समुपदेशन बसतं का, ते विचारून घेतलं आणि फॅमिली डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. आई म्हणाली, “झोपेचं विचारायचं असेल तर येते.” मी म्हटलं, “झोपेचंच विचारू.”