दाराचा रंग आणि करडईची कढई

घरात लग्न निघालं, ईद किंवा दिवाळी तोंडावर आली, की भिंतींबरोबर आतल्या दारांनाही रंग द्यायचं ठरतं. भिंतीचं निभावून जातं. दारावरचा ऑईल पेंट मात्र चकाकतो, त्यामुळे ब्रशाच्या रेघा, ओघळ, धुळीचे कण सगळं उघडं पडतं. मग आपण रंगाऱ्याला बोल लावतो. पण रंग वाळतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याला घाई करणाऱ्या घरमालकानंही समजून घ्यायला हवं.

सोलापूरकरांना ते सांगायला करडईच्या तेलाची कढई पुरे. तळणाच्या कढईच्या काठावर या तेलाचा पिवळसर, चिकट थर बसतो. काही दिवसांनी तो इतका कडक होतो, की घासून हात दुखले तरी हलत नाही. हे तेल उडून गेलेलं नसतं. त्यानं हवेतला प्राणवायू घेतलेला असतो आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून त्यांचं जाळं झालेलं असतं. जवसाच्या तेलाचंही तसंच. ऑईल पेंट याच गुणावर चालतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं, मग तेलाचा अंश सावकाश घट्ट होतो. पहिलं काम काही तासांचं, दुसरं कित्येक दिवसांचं.

ब्रश फिरला की रंगात बारीक सऱ्या पडतात. रंग ओला असेपर्यंत त्या आपोआप सपाट होतात, पण त्याला थोडी सवड लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो. भर दुपारी टर्पेंटाइन झपाट्यानं उडतं आणि सऱ्या मोडायच्या आत रंग आवळतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावं, पंखा बंद ठेवून. रंग लावला की त्यावर पुन्हा ब्रश नेऊ नये. अर्धवट आवळलेल्या रंगावर फिरलेला ब्रश कायमची खूण ठेवतो. जमलं तर दार बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवं टाकावं, म्हणजे ओघळ येत नाहीत. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. जाड थरावर वरून साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात.

पण गुळगुळीतपणा खरा तयार होतो तो रंगाच्या आधी. सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचे थर चढवायचे, ते गुळगुळीत दगडानं घोटायचे आणि मगच कुंचला उचलायचा, अशी ती जुनी रीत. दाराच्या बाबतीत हेच काम लांबी आणि पॉलिश पेपर करतात. खाचा लांबीनं भराव्यात, ती पूर्ण वाळू द्यावी, मग घासावं. दोन हातांच्या मधेही बारीक पेपर हलकेच फिरवावा. नंतर धूळ पुसायला जुनं, विटलेलं सुती धोतर घ्यावं. सोलापूरचा नवा टॉवेल कितीही प्यारा असला तरी त्याची लव सुटते! सागवानी लाकूड मुळात तेलकट. त्यावर रंग वाळायला वेळ लावतो. कोऱ्या सागाला आधी थिनरचा बोळा फिरवलेला बरा.

काम उक्तं दिलं, की पहिली काट बसते ती या घासाईला, कारण पूर्ण झालेल्या दारावर ती दिसत नाही. घासाईचे पैसे वेगळे बोलून घ्यावेत, असं माझं मत.

जुन्या दारांबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं. पूर्वी ऑईल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम सरकारनं २०१६ साली केला. तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं दार कोरडं घासलं तर शिशाची धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते आणि तिचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही. रंगाऱ्याच्या कपड्यांवरून ती त्याच्या मुलांपर्यंतही जाते. तेव्हा असं दार पाण्याच्या पेपरनं, ओलं ठेवूनच घासावं. रंगाऱ्याला चांगला मास्क द्यावा, नुसता रुमाल नव्हे. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं. खालचा चिखल झाडूनं न लोटता ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधावा.

पांढरा ऑईल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतो, हाही त्या तेलाचाच गुण. बोळातल्या दाराला पाण्यातला इनॅमल बरा. तो पांढरा राहतो आणि वासही कमी येतो.

दार हाताला कोरडं लागलं तरी लगेच कडी लावू नका. आत रंग अजून कच्चा असतो. दाबून बंद केलेलं दार चौकटीला चिकटतं आणि सकाळी उघडताना पोपडा निघतो. आठवडाभर ते किलकिलं ठेवा आणि चौकटीच्या कडेला मेणबत्ती घासा.