आधी पार्किंग, मग समुद्र!

थळ ते खांदेरी. अंतर साधारण पाच किलोमीटर. पण त्याची तयारी वर्तकनगरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालली होती तब्बल पाच आठवडे...

वीकेण्डला तुम्ही काय करता? मॉल, मूव्ही, येऊरची चढण, नाहीतर उपवनच्या काठावर मक्याचं कणीस खात टाइमपास. वर्तकनगरात राहणाऱ्यांचे ऑप्शन्स साधारण एवढेच. आमच्या ग्रुपने गेल्या काही वर्षांत यात आणखी एक नाद लावून घेतलाय. कयाकिंग! कयाक म्हणजे निमुळती, हलकी होडी. त्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावं-उजवं मारत सुटायचं. इंजिन नाही, शीड नाही, ईएमआय नाही (सेकण्ड हॅण्ड घेतली तर!).

तळ्यात आणि खाडीत भरपूर फेऱ्या झाल्यावर प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी तो प्रश्न विचारतोच, 'आता समुद्र कधी?' आमच्याकडेही तो आला. दहा जण, दहा बोटी आणि टार्गेट खांदेरी. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं, दीपगृह असलेलं बेट. उत्साह तर असा होता की पुढच्याच रविवारी निघायची तयारी. आमचा ट्रेनर मात्र शांतपणे म्हणाला, 'समुद्र कुठे पळून जात नाही. आधी मला तुमच्या बोटी दाखवा. पार्किंगमध्ये.'

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ग्रुप

खांदेरीच का? कारण छोट्या होड्यांनी घोळक्याने पाणी ओलांडायचं म्हटलं तर या टापूसारखा इतिहास दुसरीकडे शोधून सापडणार नाही. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला माणसं पाठवली. मायनाक भंडारी त्यांचा म्होरक्या. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणार म्हटल्यावर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. तरीही रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या छोट्या होड्या सामान आणि माणसं घेऊन बेटावर पोचतच राहिल्या. वारा पडला की शिडांची मोठी जहाजं जागच्या जागी ठप्प. वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून निसटणाऱ्या होड्यांना मात्र काहीच फरक पडत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे जंगी लढाई झाली, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. अखेर १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड करून माघार घेतली. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात खांदेरीही आहे.

आम्ही काही लढायला जाणार नव्हतो. पण छोटी बोट, उथळ पाणी, वाऱ्याचा अंदाज आणि एकमेकांना धरून राहणं, हा फण्डा तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे.

सेक्रेटरींचा प्रश्न

पहिल्या शनिवारी सोसायटीत दहा रंगीबेरंगी होड्या ओळीने मांडल्या, तेव्हा सेक्रेटरीकाका खाली आले. 'ह्या कुणाच्या स्लॉटमध्ये आहेत?' मग 'ठाण्यात पूर येणारे का?' आणि शेवटी, अर्ध्या तासाने, 'मला बसून बघता येईल का?' परवानगी मिळाली!

तयारीच्या वहीचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात मी ऑडिटमध्ये आहे, त्यामुळे 'हिच्या नजरेतून काही सुटत नाही' असं ठरवून सगळ्यांनी वही माझ्या गळ्यात मारली. प्रत्येक बोटीला एक पान. प्रत्येक पानावर शेवटी एकच चौकोन, 'जाणार' किंवा 'नाही'. आणि ट्रेनरने पहिल्याच दिवशी एक नियम सगळ्यांकडून कबूल करून घेतला. कुणीही कुणाच्याही बोटीला 'नाही' म्हणू शकतो. एकाने म्हटलं तरी पुरे. त्यावर मतदान नाही, भांडण नाही.

आमच्यातल्या सहा बोटी प्लॅस्टिकच्या, ज्यांच्यावर नुसतं बसायचं अशा. त्यांचं पोट चारही बाजूंनी बंद असतं. अर्धा तास पाण्यात ठेवायची, बाहेर काढून बूच उघडायचं आणि किती पाणी गळतंय ते बघायचं. चार थेंब चालतील, तांब्याभर नाही. उरलेल्या चार बोटी अस्सल समुद्री, म्हणजे आत शिरून बसायच्या. अशा बोटीच्या पोटात पुढे-मागे दोन आडव्या भिंती असतात. बोट उलटली तर पाणी फक्त मधल्या, बसायच्या भागात भरतं. पुढच्या-मागच्या कप्प्यांतली कोंडलेली हवा बोटीला तरंगत ठेवते. भिंत गळकी असेल तर? मागचा कप्पा हळूहळू भरतो, बोट शेपटीवर बसते आणि मग ती रिकामी करणंही कठीण होतं.

भिंत तपासायची पद्धत एकदम देशी. एका कप्प्यात बादल्यांनी पाणी ओतायचं आणि तासभर थांबून मधल्या भागात ओल येतेय का ते बघायचं. पाणी वाया नको म्हणून एकाच बोटीतलं पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत आणि शेवटी सगळं सोसायटीच्या बागेत. वॉचमनदादांनी आमच्यासाठी पाइप धरला, मुलांनी कागदाच्या होड्या सोडल्या. फुल जत्रा!

त्यानंतरची यादी कंटाळवाणी, पण समुद्रात तीच कामाला येते. बोटीच्या कडेने धरायला दोरी आहे का? पाय टेकवायचे खुंटे हलतात का? झाकणं बोटीला बांधलेली आहेत का? पाणी उपसायचा हातपंप, स्पंज, दुसऱ्याला ओढून न्यायची दोरी, जास्तीचं वल्हं, शिट्टी, जलरोधक पाकिटात मोबाइल. आणि लाइफ जॅकेट. ते घातल्यावर मागून कुणीतरी खांद्याला धरून वर खेचायचं. कानापर्यंत आलं तर ते जॅकेट नाही, नुसतं डेकोरेशन! १८ डिसेंबर २०२४ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. त्यानंतर या विषयावर कुणी जोक मारलेला आम्हाला चालत नाही.

एक ग्लास पाणी

आता खरी गंमत. गंमत कसली, टेन्शनच! निघायला दहा दिवस उरलेले असताना एका समुद्री बोटीची मागची भिंत गळायला लागली. बोट फायबरची, गोव्याहून आणलेली सेकण्ड हॅण्ड, ग्रुपमधल्या सगळ्यात दमदार वल्हेबाजाची. म्हणजे माझ्या नवऱ्याची!

त्याने मरीन सीलंट आणून जोड भरला, दोन दिवस वाळवला. पुन्हा पाणी ओतलं. तासाभराने मधल्या भागात पाणी जमलं होतं. स्पंजने टिपून मोजलं तर एक ग्लास.

'अगं, एक ग्लास तर आहे! वाटेत दोनदा पुसून टाकीन.'

'पार्किंगमध्ये बोट हलत नाहीये. तिथे लाटा तिला पिळणार. तेव्हा किती येईल, सांग?'

'पण मला पोहता येतं ना!'

'तुला येतं. पण तुझी बोट भरली तर तुला ओढायला दोघं लागणार, तुझ्याजवळ थांबायला तिसरा. मग उरलेल्यांकडे कोण बघणार?'

तो गप्प झाला. ग्रुपही गप्प. कारण सगळ्यांना वाटत होतं, हा नसेल तर आपल्यात जोर कुणाचा? ट्रेनर माझ्याकडे बघत होता, पण बोलत काहीच नव्हता. मी वहीत 'नाही' लिहिलं. पुढचे दोन दिवस आमच्या घरी बाहेरचं जेवण आणि आतला अबोला!

मार्ग ट्रेनरनेच काढला. आमच्यातली सगळ्यात हळू चालणारी मेंबर म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण. सरावात ती नेहमी शे-दोनशे मीटर मागे पडायची आणि सगळ्यांना तिच्यासाठी थांबावं लागायचं. घोळक्याचा वेग शेवटी सगळ्यात मागच्या बोटीचाच असतो. ट्रेनरने कुठूनतरी दोघांची कयाक मिळवली आणि सगळ्यात जोरदार गडी, सगळ्यात हळू मैत्रीण, दोघांना तिच्यात बसवलं. दहा बोटींच्या झाल्या नऊ. पुढच्या सरावात पहिल्यांदाच सगळे एका ओळीत आले. नवऱ्याचा अबोला तिथेच सुटला, कारण मैत्रिणीच्या बडबडीपुढे तो टिकणं शक्यच नव्हतं!

त्याच आठवड्यात स्विमिंग पूलमध्ये उलटण्याचा सराव झाला. मुद्दाम बोट उलटवायची, बाहेर यायचं, बोट सोडायची नाही. जोडीदाराने उलटलेल्या बोटीचं टोक आपल्या बोटीवर ओढून पाणी सांडायचं, ती सुलट करायची, धरून ठेवायची आणि पाण्यातल्याला वर घ्यायचं. प्रत्येकाने पाच वेळा केलं. ज्याला हे जमत नाही त्याने समुद्राचं नावही काढायचं नाही.

एकादशीला निघायचं!

तारीख कशी ठरली? कॅलेण्डरवरून, पण 'कालनिर्णय'च्या तिथीवरून! कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आली पूर्ण भरतीची वेळ. एकादशी म्हणजे अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. अंदाजाचा हिशेब आहे, म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्याशीही ताडून घेतला. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ जोरात. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग, म्हणजे ओढ कमी. सकाळी सातला चढत्या पाण्यावर निघायचं, भरती पूर्ण होताना बेटावर आणि किनाऱ्यावरचे खडक उघडे पडायच्या आत परत. एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हणून साबुदाण्याच्या वड्यांचे दोन डबेही यादीत आले.

राहिला वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. जाताना ते पाठीवर हात ठेवतात, म्हणून सगळं सोप्पं वाटतं. पण तेच येताना छातीवर येतात. दुपारकडे खारे वारे उलटे सुटतात आणि पाणी खवळतं. म्हणून आमचा दुसरा नियम. वाटेत उंदेरी बेट लागतं, तिथे थांबून मागे वळून बघायचं. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसला, की तिथूनच परत. 'एवढ्या लांब आलोय तर...' हे वाक्य बॅन!

कौस्तुभ खाडेने २०१५मध्ये कयाकने मुंबई ते गोवा केलं आणि २०१६-१७मध्ये द्वारका ते कन्याकुमारी हा सुमारे तीन हजार किलोमीटरचा किनारा वल्हवत काढला. ते सगळं 'सोलो' म्हणून आपण लाइक करतो. पण त्या दुसऱ्या मोहिमेत शांजली शाही किनाऱ्याने सायकलवर सोबत होती. एकट्यालाही मागे माणूस लागतं, मग दहा नवशिक्यांना किती लागेल? आम्ही थळच्या एका कोळी काकांची इंजिनाची होडी सोबतीला ठरवली. बेटावर उतरायची परवानगी घेतली, सागरी पोलिसांना नावं, वेळ, बोटींचे रंग लिहून दिले.

काकांनी पहाटे थळला आमच्या नऊ बोटी एकेक करून हाताने चाचपल्या. मग विचारलं, 'दहा होत्या ना?' नवऱ्याने सांगितलं, 'एक गळत होती, घरी ठेवली.' काका एवढंच म्हणाले, 'मग चला. दर्याला घाई नाय, पोरांनो. घाई तुम्हालाच असते.'

उंदेरीपाशी थांबलो, वळून बघितलं. पाणी साफ होतं. पुढे गेलो. खांदेरीला पोचायला दीड तासाच्या आतच लागला. वेताळाच्या देवळाशी पाया पडलो, वडे संपवले, पाऊण तासात बोटी पुन्हा पाण्यात. परतताना वारा समोरून होताच, तिघांचे हात भरून आले. डबल कयाक त्यांच्या पुढे राहून आडोसा देत राहिली. साडेदहाला सगळे थळच्या वाळूवर. काहीही घडलं नाही. पाच आठवड्यांची मेहनत नेमकी त्यासाठीच तर होती!

तुम्हीही निघताय?

* ऑक्टोबर ते फेब्रुवारीतली सकाळ निवडा. पावसाळ्यात नाव काढू नका.
* एकट्याने नाही, अनुभवी ट्रेनर आणि स्थानिक होडी सोबत हवीच.
* सगळ्यात पुढे एक जाणकार, सगळ्यात मागे एक जाणकार. शिट्टी ऐकू येईल एवढ्याच अंतरात राहा. तीन शिट्ट्या म्हणजे संकट.
* जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासून लांब राहा. ते कुणाचं तरी पोट आहे.
* किनाऱ्यावर एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा. ती टळली तर त्याने फोन करायचा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३.
* आणि वही ठेवा. 'नाही' लिहायला पेन चालू आहे ना, तेही तपासा!