संकेतस्थळासाठी होस्टिंगची निवड

आपल्या कंपनीचे संकेतस्थळ कोणाकडे ठेवावे, अशी विचारणा वाशिम जिल्ह्यातील बियाणे उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपन्यांकडून होत असते. तिचे उत्तर ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनाही देता यावे, म्हणून हा लेख.

संकेतस्थळावरील मजकूर, छायाचित्रे व दरपत्रके अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर ठेवावी लागतात. या संगणकास सर्व्हर म्हणतात, व त्यावरील जागा भाड्याने देणे म्हणजे होस्टिंग. हा व्यवहार वखारीत माल ठेवण्यासारखाच होय. भाडे विचारण्यापूर्वी छप्पर गळते की काय, हे पाहावे.

स्थळ ९९ टक्के वेळ चालू राहील, अशी हमी ऐकावयास बरी वाटते. परंतु वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा एक टक्का म्हणजे ८७ तासांहून अधिक. साडेतीन दिवस स्थळ बंद राहिले तरी करार मोडत नाही! मृगाचा पाऊस होऊन सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी सुरू व्हावी आणि नेमके तेच दिवस यावेत, तर गिऱ्हाईक थांबत नाही. ९९.९ टक्क्यांच्या हमीत ही मुदत पावणेनऊ तासांवर येते. हमी मोडल्यास बहुधा भाड्यात सूट मिळते, बुडालेली विक्री भरून मिळत नाही.

हमीपेक्षाही महत्त्वाची आहे ती मजकुराची दुसरी प्रत. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-केंद्रास आग लागून एक इमारत संपूर्ण जळाली. ज्यांची प्रत अन्यत्र होती त्यांना आपली स्थळे पुन्हा उभारता आली. ज्यांचे सर्वस्व तेथेच होते, त्यांचा मजकूर कायमचा गेला. यास्तव प्रदात्याकडील प्रत कोणत्या शहरात असते हे विचारावे, आणि एक प्रत दरमहा आपल्या कार्यालयात उतरवून घ्यावी. उगवण तपासल्याखेरीज आपण बियाणे पेरीत नाही. तद्वत ही प्रतही वर्षातून एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावी.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कंपनीच्याच नावे नोंदवावे. स्थळ तयार करून देणारा कारागीर पुष्कळदा ते स्वतःच्या नावे घेतो, आणि तो गाव सोडून गेला की संचालक मंडळ हवालदिल होते. डॉट इन व देवनागरीतील डॉट भारत या नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते; नोंदणी तिच्या मान्यताप्राप्त नोंदणीदारांकडे करावी व परवलीचा शब्द दोन संचालकांपाशी असावा. मुदतीत नूतनीकरण न केल्यास ते नाव दुसऱ्यास घेता येते.

प्रथम वर्षाचे भाडे पुष्कळदा नाममात्र असते. दुसऱ्या वर्षाचा दर लेखी मागावा. लहान कंपनीस सामायिक सर्व्हरवरील जागा पुरते, महाग योजनेची गरज नाही. पैसे भरण्यापूर्वी रात्री दहाच्या सुमारास प्रदात्याच्या मदत क्रमांकावर एकदा दूरध्वनी करावा व कोण उत्तर देतो ते पाहावे. समाधान झाल्यास प्रथम एकाच वर्षाचा करार करावा.