पहिला डीएसएलआर घेताना : पैसे बॉडीत घालावेत की लेन्समध्ये?

गेल्या हिवाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी त्याच्या अब्बांना घेऊन घरी आला. बारावीनंतर त्याला खाडीकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद लागला आहे. अब्बांचं शिलाईचं छोटं दुकान. त्यांनी साठवलेले तीस हजार रुपये पोराच्या हातावर ठेवले आणि दुकानदाराने वापरलेली निकॉन डी३५०० बॉडी, एक जुनी लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड असा 'कॉम्बो' बांधून दिला. घरी आल्यावर कळलं, लेन्स आपोआप फोकसच करत नाही.

"सर, कॅमेरा खराब आहे का?" असं विचारताना त्याचा आवाज बारीक झाला होता. अब्बा तर काहीच बोलत नव्हते.

कॅमेरा खराब नव्हता, लेन्सही चांगली होती. फक्त जोडी चुकली होती. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. त्यामुळे लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असं लिहिलेलं पाहिजे. नुसती 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. शिवाय 'एएफ-पी' लेन्स डी३१०० किंवा डी५१००सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही. कॅननमध्ये ही भानगड नाही, कारण 'ईएफ' आणि 'ईएफ-एस' लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते. एवढी एक ओळ आधी कळली असती तर त्या घरातली ती रात्र वाईट गेली नसती. म्हणून हा लेख.

डीएसएलआरच का?

या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वरच्या खिडकीत पाठवतो आणि आपल्याला खरं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मोकळ्या रानात याचा मोठा फायदा होतो. भर उन्हात मोबाईलचा स्क्रीन नीट दिसत नाही, इथे डोळा लावला की दिसतं. बॅटरीही टिकते. डी३५००ची बॅटरी कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो देते, तर कॅनन १५००डीची सुमारे ५००.

आता कंपन्यांचं लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलं आहे. त्यामुळे अनेक जण आपले चांगले डीएसएलआर विकतात. शिकणाऱ्यासाठी ही संधीच आहे, कारण वापरलेली बॉडी आणि लेन्स दोन्ही परवडतात.

मेगापिक्सलच्या मागे लागू नका

२४ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. ए३ आकाराच्या उत्तम छपाईला १७ ते १८ मेगापिक्सल पुरतात. म्हणजे घराच्या भिंतीसाठी कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० पुरेसा आहे. बॉडीवर वाचलेला पैसा लेन्समध्ये घाला. उद्या बॉडी बदलली तरी त्याच कंपनीची, त्याच जोडणीची लेन्स सोबत राहते.

डोंगर, किल्ले, समुद्र यांच्यासाठी सोबत येणारी १८-५५ची लेन्स चालते. पक्ष्यांसाठी दुसरी झूम लागते : कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३००. या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्यामुळे कॅननवर २५० मिलिमीटरची लेन्स ४०० सारखं जवळचं दृश्य देते. तरीही भिगवणला उजनीच्या पाण्यातला रोहित्यांचा थवा नीट येईल, पण दूरच्या फांदीवरचा खंड्या फोटोत लहानच दिसेल. हे आधीच मनाशी धरा, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही.

वापरलेला घेताना

पैसे देण्याआधी दुकानातच या गोष्टी बघा :

- लेन्स बॉडीवर लावून दहा फोटो काढा. जवळचं आणि लांबचं, दोन्ही फोकस होतंय का?
- एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
- मोबाईलच्या टॉर्चचा उजेड लेन्समधून आरपार पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी नको.
- शटर किती वेळा चाललंय ते विचारा. या श्रेणीतलं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी धरतात.
- बॅटरी फुगलेली नाही ना, मूळ बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो ना, हे तपासा.

नवा घेत असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या. बॅग, फिल्टर, समोर फिरवून लावायच्या स्वस्त काचा आणि हलका ट्रायपॉड यांत पैसे घालू नका. एक चांगलं मेमरी कार्ड आणि जादा बॅटरी एवढं पुरे. आणि शौकासाठी व्याजाचा हप्ता तर नकोच. सहा महिने थांबलं तर पक्षी कुठे पळून जात नाहीत.

कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

हातात आल्यावर

स्वच्छ उन्हात एक जुना नियम उपयोगी पडतो : एफ/१६ ठेवा आणि आयएसओ जितका, तितकाच शटरचा छेद ठेवा. आयएसओ २०० असेल तर १/२००. लांबच्या लेन्सला हात हलतो, म्हणून २५० मिलिमीटरवर शटर १/४०० किंवा त्याहून जलद हवं. आणि घरट्याच्या जवळ जाऊ नका. डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीमला सुगरणींचा अभ्यास केला, तो तासन् तास शांत बसून पाहण्यातूनच. कॅमेऱ्यालाही तीच सवय लागते.

त्या मुलाला आम्ही लेन्स लगेच विकू दिली नाही. हाताने फोकस करताना खिडकीत हिरवा ठिपका स्थिर झाला की नेम बसला, एवढं शिकवलं. दोन महिने तो एका जागी उभ्या राहणाऱ्या बगळ्यांवरच सराव करत राहिला. मग ती लेन्स विकून, थोडी भर घालून ७०-३०० एएफ-पी घेतली. यावेळी दुकानात अब्बाही सोबत होते. लेन्स बॉडीवर लावून दहा फोटो काढले, आणि मगच त्यांनी पैसे मोजले.