लहान अणुभट्ट्या आणि केरळची वीज

एखाद्या राज्याला लागणारी वीज लहान अणुभट्ट्यांतून मिळू शकेल काय, हा प्रश्न वरकरणी साध्या भागाकाराचा वाटतो. राज्याच्या वार्षिक गरजेला एका भट्टीच्या वार्षिक उत्पादनाने भागले की भट्ट्यांची संख्या हाती येते. परंतु कोठारात धान्य साठवावे तशी वीज स्वस्तात साठवता येत नाही. म्हणून ती किती लागते याइतकेच ती केव्हा लागते यालाही महत्त्व असते. केरळच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

केरळात कोळशाच्या खाणी नाहीत. राज्यात निर्माण होणारी वीज मुख्यत्वे पावसाच्या पाण्यावर अवलंबून असते. 780 मेगावॅट क्षमतेचे इडुक्की हे तेथील सर्वांत मोठे जलविद्युत्केंद्र होय. गरजेपैकी निम्म्याहून अधिक वीज बाहेरून आणावी लागते आणि पावसाने ओढ दिली की हे परावलंबन वाढते. 2024 च्या उन्हाळ्यात राज्याची कमाल मागणी 5,500 मेगावॅटच्या पलीकडे गेली. अणुशक्तीचा विचार तेथे पुनःपुन्हा डोके वर काढतो, तो यामुळेच.

विद्युत्क्षमता 300 मेगावॅटपर्यंत असलेल्या अणुभट्टीला सामान्यतः 'लहान' म्हटले जाते. भारताने वारंवार बांधलेली 220 मेगावॅटची जड पाण्याची भट्टी या व्याख्येत बसते. ती वर्षभरात सरासरी 85 टक्के क्षमतेने चालली, तर सुमारे 164 कोटी युनिट वीज देईल. केरळची वार्षिक गरज ढोबळमानाने 3,000 कोटी युनिट धरल्यास अशा अठरा भट्ट्या लागतील.

हे उत्तर गणिताने बरोबर असले, तरी व्यवहारात अपुरे ठरते. अठरा भट्ट्यांची एकत्रित क्षमता 4,000 मेगावॅटच्या आत राहते. उन्हाळ्यातील रात्री, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे एकदमच चालू असताना, ती कमी पडेल. उलट पावसाळ्यात, जलाशय भरून वाहत असताना, तीच वीज अतिरिक्त होईल. अणुभट्टीचा बहुतेक खर्च बांधणीचा असतो आणि इंधनाचा वाटा त्या मानाने लहान असतो. ती अर्ध्या क्षमतेने चालवल्याने खर्च निम्मा होत नाही, प्रत्येक युनिटची किंमत मात्र वाढते. म्हणून दिवसरात्र, बारा महिने टिकून राहणारी जी किमान मागणी, तिच्यापुरतीच अणुवीज योजणे शहाणपणाचे असते. वरचा चढउतार जलविद्युत अधिक चांगला सांभाळते, कारण पाण्याचा प्रवाह काही मिनिटांत वाढवता किंवा थांबवता येतो.

दुसरा प्रश्न लहानपणाच्या किमतीचा आहे. भट्टीचा आकार निम्मा केला म्हणून नियंत्रणकक्ष, पहारा आणि प्रशिक्षित कर्मचारी निम्मे होत नाहीत. एकच आराखडा कारखान्यात पुनःपुन्हा बनवल्यास ही उणीव भरून निघेल, असे लहान भट्ट्यांचे पुरस्कर्ते म्हणतात. अमेरिकेतील युटा राज्याच्या नगरपालिकांनी यासाठी 77 मेगावॅटच्या सहा भट्ट्यांची योजना आखली होती. परंतु पहिली भट्टी उभी राहण्यापूर्वीच दर मेगावॅट-तासाची अपेक्षित किंमत 58 डॉलरवरून 89 डॉलरवर गेली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. भारतीय भट्टीची बाजू याहून भक्कम आहे, कारण तिचा आराखडा अनुभवाने पारखलेला आहे. कर्नाटकातील कैगा येथील अशीच एक भट्टी 2018 च्या अखेरीपर्यंत सलग 962 दिवस चालली होती.

तिसरा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा. 2014 च्या भारतीय नियमसंहितेनुसार अणुकेंद्राभोवती किमान 1 किलोमीटर त्रिज्येचा परिसर निर्मनुष्य ठेवावा लागतो. हे क्षेत्र 3 चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. 2011 च्या जनगणनेनुसार केरळात दर चौरस किलोमीटरला सुमारे 860 लोक राहतात. म्हणजे सरासरीने एका केंद्रासाठी 2,700 माणसांना घरे सोडावी लागतील. शिवाय भट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ दोनतृतीयांश पाण्यावाटे वा हवेत सोडावी लागते. त्यासाठी समुद्रकिनारा किंवा बारमाही जलाशय हवा आणि केरळचा किनारा तर मच्छीमारांच्या वस्त्यांनी गजबजलेला आहे. कण्णूर जिल्ह्यातील पेरिंगोम येथे योजलेले अणुकेंद्र 1990 च्या सुमारास लोकविरोधामुळेच मागे पडले.

चवरा येथील वाळूत थोरियम आहे, म्हणून केरळचे इंधन केरळातच आहे, असेही म्हटले जाते. परंतु थोरियम हे स्वतः विखंडनक्षम इंधन नव्हे. त्याच्या अणूने न्यूट्रॉन शोषल्यानंतर कालांतराने युरेनियम-233 तयार होते आणि तेच इंधन म्हणून उपयोगी पडते. वर उल्लेखिलेल्या 220 मेगावॅटच्या भट्ट्या युरेनियमवर चालतात.

सारांश, लहान अणुभट्ट्या एकट्या केरळची गरज भागवू शकणार नाहीत. त्यांपैकी मोजक्या भट्ट्या मात्र किमान मागणीचा भार उचलून इडुक्कीचे पाणी टंचाईच्या रात्रींसाठी राखू शकतील. या लाभाचे मोल ठरवताना तीन गोष्टी आधी सांगितल्या गेल्या पाहिजेत: वर्षातील कोणत्या तासांना ही वीज उपयोगी पडेल, तिचे युनिट बाहेरून घेतलेल्या विजेपेक्षा महाग पडेल की स्वस्त, आणि कोणाच्या घरादारावर केंद्र उभे राहील. ज्या अहवालात या तिन्हींची उत्तरे नसतील, तो केवळ भागाकार ठरेल.